गाडी आपली, पाना कुणाचा?



या पानावर दर अंकात कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाबद्दल लिहिले जाते. या वेळी ज्या गाडीत घालून तो कापूस आणि ती ज्वारी आपण बाजारात नेतो, त्या गाडीच्या इंजिनाबद्दल लिहितो आहे. विषय बदललेला नाही. मालाचा भाव पाडला जातो ही लूट आपल्याला दिसते, तिच्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, तुरुंगात गेलो. पण माल पिकवायला आणि पोचवायला जे जे लागते ते चढ्या भावाने आणि दुसऱ्याच्या मर्जीने घ्यावे लागते, ही त्याच लुटीची दुसरी बाजू. ती लहान लहान बिलांत विखुरलेली असते, म्हणून तिच्यावर मोर्चा निघत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. पैसे मोजून घेतलेल्या, कर्ज फेडून मोकळ्या केलेल्या गाडीचे इंजिन आपल्या अंगणात उतरवून, आपल्या हाताने किंवा आपल्याला हव्या त्या कारागिराच्या हाताने दुरुस्त करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. कंपनीने लोखंडाचे पैसे घेतल्यावर त्या लोखंडाला कुलूप लावण्याचा अधिकार तिला उरत नाही. आणि आज ते कुलूप लागले आहे.

२०२५ च्या दिवाळीनंतर एका बैठकीसाठी पुण्याला गेलो होतो. मुक्काम होता मार्गासनीला, संघटनेच्या एका जुन्या पाइकाच्या घरी. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरजवळ चेलाडी फाट्याला वळले की वेल्ह्याच्या रस्त्यावर हे गाव लागते. राजगडावर जाणारी शहरातली पोरे साखर-गुंजवण्याकडे इथूनच वळतात. तालुक्याचे नाव वेल्हे बदलून राजगड करायचे असे सरकारने २०२४ साली ठरवले. नाव बदलायला सरकारला वेळ असतो. मुलूख भाताचा, खाचरांचा. पाऊस आपल्या वऱ्हाड-मराठवाड्याच्या कितीतरी पट. पाणी जास्त म्हणजे शेतकरी सुखी असे ज्यांना वाटते त्यांनी मार्गासनीला दोन दिवस राहून यावे. पाऊस पडला म्हणून लूट थांबत नाही हे तिथे चांगले कळते.

आबांची (घरात आणि गावात त्यांना सगळे आबाच म्हणतात) दहा वर्षांची जुनी डिझेल पिकअप आहे. भात गिरणीवर न्यायचे, भाजी मार्केट यार्डात पोचवायची, शेजाऱ्यांचे भाडे मारायचे, सगळे तिच्यावर. मुलगा पाबे घाट चढत असताना इंजिनातून खालच्या बाजूने खडखड आवाज आला आणि ऑईलचा लाल दिवा लागला. पोराने शहाणपणा केला, जागच्या जागी गाडी बंद केली. मग टोचन लावून कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात नेली. कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या गावचे ते सांगत नाही. नाव सांगितले तर तुम्ही म्हणाल की तेवढेच एक वाईट आहे.

वर्कशॉपाने चार दिवसांनी हिशेब दिला : १ लाख ४० हजार रुपये. क्रँक घासून, शेल बेअरिंग बदलून काम होईल का, असे आबांनी विचारले. उत्तर आले, "आम्ही घासून देत नाही, खालचे अर्धे इंजिन नवेच बसवतो." किती दिवस लागतील? माल आला तर वीस दिवस. जुने भाग परत मिळतील का? नाही, जमा करावे लागतात. नेमके बिघडले काय? ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि उघडण्याचे पैसे वेगळे.

हा आकडा आपल्या भाषेत मांडून पाहू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये. म्हणजे ते अर्धे इंजिन बसवायला सव्वासतरा क्विंटल कापूस लागतो, किंवा अडतीस क्विंटल ज्वारी. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल कापूस धरला तर चार एकरांचा सगळा कापूस, बी-खत-फवारणी-वेचणीची मजुरी काहीही न वजा करता. आणि हे हमीभावाने. खेडा खरेदीतल्या भावाने किती एकर लागतील ते ज्याचे त्याने मोजावे.

आबांनी पुन्हा टोचनाचे भाडे भरून गाडी घरी आणली. मी विचारले, "आबा, आता काय करणार?" म्हणाले, "इंजिन आपलं हाय, अंगण बी आपलंच हाय. उतरवू."

त्या अंगणात पुढचे दिवस जे पाहिले ते सविस्तर सांगतो, कारण 'हे आपल्याला जमणारे काम नाही' ही भीती आपल्यात कुणीतरी मुद्दाम घातलेली आहे, आणि ती नुसत्या भाषणाने जाणार नाही.

गाडी सपाट, टणक जागेवर उभी केली, मागच्या चाकांना दगडाची उटी लावली. सगळ्यात आधी इंजिन धुऊन काढले. धूळ-ऑईलचा थर असेल तर एकही भाग नीट सुटत नाही आणि उघडल्यावर तीच माती आत जाते. मग बॅटरीची दोन्ही टोके सोडली. बॅटरी न सोडता वायरिंगला हात लावणाराच पुढे 'कॉम्प्युटर जळला' म्हणून रडतो. रेडिएटरचे पाणी आणि चेंबरमधले ऑईल वेगवेगळ्या डब्यांत काढले. बॉनेट, समोरची जाळी, रेडिएटर, पंखा उतरवला. डिझेलच्या नळ्या सोडल्या आणि त्यांची उघडी तोंडे लगेच स्वच्छ प्लॅस्टिकने बांधली. सायलेन्सरचा पाईप, सेल्फ, क्लचची नळी, एकेक करून सगळे बाजूला झाले.

वायरिंगचे कपलर सोडताना आबांच्या सुनेने मोबाईलवर प्रत्येक कपलरचा फोटो काढला आणि दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिंधी बांधली. काढलेले नट-बोल्ट काकूंनी सुपात ओळीने मांडले : हे गिअरबॉक्सचे, हे फाउंडेशनचे, हे रेडिएटरचे. गॅरेजात हे सगळे एकाच डबड्यात पडतात आणि जोडताना दोन बोल्ट उरतात. काकूंच्या सुपात एकही उरला नाही. बीजवई ज्वारी निवडणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही.

उचलण्याचे काम सगळ्यात जोखमीचे. तसे इंजिन गिअरबॉक्स सोडून दोन क्विंटलच्या वरच भरते. घराच्या आढ्याला किंवा गोठ्याच्या वाशाला ते टांगायचे नाही, मग वासा कितीही जुना सागाचा असो. आबांनी विहिरीवरचे तीन इंची लोखंडी पाईप घेऊन तिवडा उभा केला. वर साखळीने घट्ट बांधला आणि खाली तिन्ही पाय एकमेकांना साखळीने जखडले, म्हणजे वजन आल्यावर पाय फाकत नाहीत. एक टनी चेनची कप्पी भाड्याने आणली. गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा दिला, मगच गिअरबॉक्सचे बोल्ट काढले. फाउंडेशनचे बोल्ट सगळ्यात शेवटी. इंजिन आधी इंच-दोन इंच उचलायचे, मग पुढे घ्यायचे, म्हणजे गिअरबॉक्सचा दांडा क्लचमधून सुटतो. तो सुटल्याशिवाय वर ओढले की क्लचप्लेट गेलीच म्हणून समजा. नंतर इंजिन पुरेसे वर घेतले आणि तिवडा जागेवर ठेवून चौघांनी गाडीच मागे ढकलली. इंजिन हवेत, गाडी मागे. या सगळ्या वेळात टांगलेल्या इंजिनाखाली कुणी हात-पाय घालायचा नाही हा आबांचा हुकूम होता, आणि तो मोडणाऱ्या नातवाला त्यांनी एक ठेवून दिली.

दीड दिवसात इंजिन जमिनीवर आले. चेंबर उघडला आणि रोग समोर दिसला. ऑईल ओढणाऱ्या जाळीवर काळा गाळ बसला होता, जाळी निम्मी बंद. ऑईल वर चढेना, शेल बेअरिंग कोरडी चालली, घासली आणि क्रँकला ओरखडे पाडले. गाळ का झाला? ऑईल बदलण्याचे किलोमीटर मुलाने हंगामाच्या घाईत दुपटीवर नेले होते. दोष घरचाच. पण तो घरी इंजिन उघडले म्हणून कळला. वर्कशॉपात अर्धे इंजिन बदलून मिळाले असते आणि बिलावर रोगाचे नावही आले नसते. पुढच्या वेळी तोच रोग, तेच बिल.

घरी काय करायचे नाही हेही आबांना पक्के ठाऊक होते. क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि ब्लॉक पुण्यात ग्राइंडिंगवाल्याकडे गेले, कारण तिथली मोजणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात होते आणि ती डोळ्यांनी होत नाही. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप पंपवाल्याकडे तपासायला दिले, घरी उघडले नाहीत. या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. गळती पाहायला चालू इंजिनाच्या नळीवर बोट फिरवणाऱ्याचे बोट त्या बारीक फवाऱ्याने आत फाटते, वर फक्त टाचणीएवढे भोक दिसते, आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. जुन्या इंजिनाची सवय असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

जोडताना ऑईलच्या सगळ्या वाटा डिझेलने धुऊन हवेने फुंकल्या, बोल्ट टॉर्क पान्याने मापात आवळले. नवव्या दिवशी इंजिन गाडीत परत बसले. ग्राइंडिंग, शेल, रिंगा, गॅस्केट, सील, एक नवा इंजेक्टर, ऑईल, कप्पीचे भाडे असा सगळा खर्च ५८ हजार.

आणि इथे, सगळे लोखंड जागेवर आल्यावर, कुलूप दिसले. इंजिन सुरू झाले पण एका सिलेंडरवर धडधडे, चढाला ओढेना, दिवा लागून राहिला. कारण साधे होते. या इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर आकड्या-अक्षरांचा एक कोड कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसवला की तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, आणि भरायचा तो स्कॅनर कंपनीचा. काम दहा मिनिटांचे. आबा पुन्हा त्याच वर्कशॉपात गेले, पैसे देतो म्हणाले. उत्तर मिळाले, "बाहेर उघडलेल्या इंजिनाला आम्ही स्कॅनर लावत नाही."

नऊ दिवसांची मेहनत दहा मिनिटांसाठी अडली. शेवटी हायवेच्या कडेला टपरीत बसणाऱ्या एका पोराने आपल्या बाजारी स्कॅनरने कोड भरला, पंधराशे रुपये घेतले. गाडी आज चालते आहे. पण त्या पोराच्या स्कॅनरला पुढच्या मॉडेलचे दार उघडेल याची खात्री नाही, हे त्यानेच सांगितले.

भावांनो, हे कुलूप आपल्या ओळखीचे आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली तेव्हा पिकवलेला कापूस आपला, पण तो राज्याबाहेर नेऊन विकणे हा गुन्हा. सीमेवर आपल्याच कापसाची गाडी चोराच्या गाडीसारखी अडवली जात होती. पुढे बियाण्यात तेच झाले. कोणते वाण पेरायचे हे दिल्लीची समिती ठरवणार, शेतकरी नाही. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला आपल्या लोकांनी उघडपणे तणनाशक सहन करणारा कापूस पेरला आणि गुन्हे अंगावर घेतले, ते तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी. विक्रीचे स्वातंत्र्य मागायचे, बियाण्याचे मागायचे आणि दुरुस्तीचे मात्र कंपनीच्या पायाशी ठेवायचे, हे कसे चालेल?

आपल्यातलेच काही जाणते म्हणतील की संघटना बाजारपेठेच्या स्वातंत्र्याची बाजू घेते, मग कंपनीच्या धंद्यात ढवळाढवळ कशाला? प्रश्न रास्त आहे. कंपनीने गाडी कितीला विकावी, वर्कशॉपात मजुरी किती लावावी, हा तिचा प्रश्न. ज्याला तिथे जायचे तो जाईल, आणि ज्याला वेळ नाही त्याने जरूर जावे. पण बाजार तेव्हाच बाजार असतो जेव्हा गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाता येते. गाडी विकताना दहा कंपन्या, आणि विकल्यावर दुरुस्तीला एकच दार, याला बाजार म्हणत नाहीत. त्याला एकाधिकार म्हणतात, आणि एकाधिकार सरकारचा असो की कंपनीचा, आपला अनुभव एकच आहे.

हे नुसते माझे मत नाही. आपल्याला सीसीआय म्हटले की कापूस महामंडळ आठवते, ग्रेडरचे तोंड आठवते. दिल्लीत त्याच आद्याक्षरांचा एक स्पर्धा आयोग आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात २५ ऑगस्ट २०१४ रोजी या आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच : सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या कारागिरांना न देणे. भाग खुल्या बाजारात येऊ द्या, माहिती आणि साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेशात होते. कंपन्या अपिलात गेल्या. तो खटला मोटारीत बसणाऱ्यांचा होता, पिकअपवाला आणि ट्रॅक्टरवाला त्यात नव्हता. इंडियाचा प्रश्न निदान आयोगापर्यंत पोचतो. भारताचा प्रश्न धाब्यावरच्या गप्पांत संपतो.

२०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने जी चार क्षेत्रे घेतली त्यांत शेतीची अवजारे होती, मोटारगाड्याही होत्या. त्या डिसेंबरात एक पोर्टल निघाले. पोर्टलवर कंपन्यांचे पत्ते आणि त्यांना सांगावेसे वाटले तेवढी माहिती आहे. हक्क मात्र कायद्याने येतो, आणि कायदा आलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात आणखी एका समितीचा अहवाल आला, तो मोबाईल आणि विजेच्या उपकरणांबद्दल. फ्रिज आधी, ट्रॅक्टर मग, पिकअप कधी?

अमेरिकेतला शेतकरी आपल्यापेक्षा शंभरपट श्रीमंत, पण या एका बाबतीत आपल्याच ओळीत उभा आहे. तिथल्या सर्वात मोठ्या ट्रॅक्टर कंपनीचे यंत्र शेतात बंद पडले की त्याचे सॉफ्टवेअर उघडायला विक्रेत्याची वाट पाहावी लागते. कापणीच्या ऐन दिवसांत. तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर खटला भरला.

आता 'शेतकऱ्याला यातले काय कळते' म्हणणाऱ्यांसाठी थोडे. विहिरीवर डिझेल इंजिने आली तेव्हा, किर्लोस्करची, कूपरची, राजकोटची, ती कुणी चालवली आणि कुणी सावरली? व्हॉल्व्ह घासणे, रिंगा बदलणे, नॉझल साफ करणे हे आपल्या बापजाद्यांनी धुऱ्यावर बसून, पोत्यावर पाने पसरून केले. रात्री हॅन्डल मारून सुरू करणाऱ्याला आवाजावरून कळत होते की बेअरिंग ढिली झाली की डिझेलात पाणी आले. सौराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी मोटारसायकलीला शेतीचे डिझेल इंजिन जोडून छकडा बनवला. त्याला कुठल्या विद्यापीठाने पदवी दिली होती? कौशल्य नाही हे खोटे आहे. कौशल्य होते, आहे, आणि ते निरुपयोगी ठरावे म्हणून यंत्राभोवती कुंपण घातले जाते आहे.

या आरोपाबरोबर एक खरा मुद्दाही येतो, तो टाळणार नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या, धुराचे नियम कडक झाले. कंपन्या म्हणतात, इंजिन उघडू दिले तर लोक धुराची यंत्रणा काढून टाकतील. आपल्यातले काही जण काढतातच. ईजीआरला पत्र्याची चकती मारायची, सायलेन्सरमधली गाळणी फोडायची आणि 'अॅव्हरेज वाढले' म्हणून मिशीला पीळ द्यायचा. हे बंद करा. तो धूर आपल्याच गावात आपलीच पोरे घेतात, आणि कंपनीच्या हातात आयते कोलीत मिळते. पण उपाय काय? धूर मोजायचा तो नळकांड्याच्या तोंडाशी. मोजून जो दोषी ठरेल त्याला दंड करा. काही लोक चोरी करतात म्हणून सगळ्या गावाच्या घरांना बाहेरून कुलूप लावत नाहीत.

नकली मालाचेही तसेच. बाजारात बनावट शेल, बनावट फिल्टर आहेत, आणि त्यांनी इंजिने खाल्ली आहेत. पण नकली माल फोफावतो कुठे? जिथे असली माल मिळत नाही किंवा परवडत नाही तिथे. रिंगा, बेअरिंग, फिल्टर यांतले बरेचसे कंपनी स्वतः बनवत नाही, दुसऱ्या कारखान्यातून घेते आणि आपल्या डब्यात भरून विकते. त्या कारखान्याला तोच माल स्वतःच्या नावाने खुल्या बाजारात विकू द्या, नकलीवाल्याचा धंदा अर्ध्यावर येईल.

आणि सरकारचा हात? तो नेहमीप्रमाणे आपल्याच खिशात आहे. सुट्या भागांवर वर्षानुवर्षे २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला, ट्रॅक्टरच्या भागांवर ५. ट्रॅक्टरचे स्वागत. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा माल बाजारात नेणारी पिकअप ही सरकारच्या लेखी शेतीची नाही. कारखानदार आपण भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो, शेतकऱ्याला तीही सोय नाही. आबांच्या ५८ हजारांत कर किती गेला ते बिलांवर स्वच्छ लिहिलेले आहे. याच सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क माफ केले आणि माफी डिसेंबरअखेर वाढवली. तेव्हा गिरणीवाल्याला परदेशी कापूस बिनकराचा मिळाला, आणि आपल्याला आपल्या इंजिनाची रिंग कर भरून. जुनी गाडी चालवू नये म्हणून फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून वाढवून ठेवली आहेच. नवी घ्या, कर्ज काढा, हप्ते भरा, आणि बिघडली की एकाच दारात उभे राहा, असा हा रस्ता आखलेला आहे.

१९९१ साली शेगावला चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला गेला. त्यातल्या माजघर शेतीचा अर्थ होता की आपल्या मालावरची प्रक्रिया आपल्या घरात करून वरचा पैसा घरात ठेवायचा. डाळ, मसाला, पापड यांच्यापुरताच तो विचार होता असे मी मानत नाही. मार्गासनीच्या अंगणात जे ८२ हजार रुपये वाचले तेही माजघरातलेच पैसे. शिवाय दोन पोरांच्या हाताला आलेले कसब वेगळे. त्यातला एक आता शेजारच्या दोन गाड्यांच्या क्लचप्लेटा बदलतो.

जिल्हा मेळाव्यात या विषयावर ठराव मांडणार आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगची दुरुस्तीची पुस्तके मराठीत, किमतीला, कुणालाही मिळावीत. इंजेक्टरचा कोड भरण्यासारख्या कामांचा स्कॅनर आणि त्याची चावी वाजवी किमतीत खुली असावी, आणि बाहेर उघडले म्हणून सेवा नाकारणे हा दंडनीय प्रकार व्हावा. पिकअपच्या भागांवरचा कर ट्रॅक्टरच्या भागांएवढा व्हावा. काढलेले जुने भाग मालकाला परत द्यावेत.

सरकारची वाट न पाहता करता येईल असे एक काम आहे. पाच-सहा गावांनी मिळून एक टनी चेनची कप्पी, एक टॉर्क पाना, एक बरा स्कॅनर आणि लोखंडी तिवडा एवढी अवजारे वर्गणीतून घ्यावीत आणि एका घरी ठेवावीत. ज्याला लागेल त्याने सही करून न्यावीत, भाडे डब्यात टाकावे. कुणी इंजिन बदलण्याच्या फंदात पडत असेल तर त्याला एवढे सांगा की ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकात आहे. दुरुस्तीला कुणाची परवानगी लागत नाही, पण दुसरा ब्लॉक बसवला तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते.

मेळाव्याला येताना ज्यांच्याकडे वर्कशॉपाचे हिशेबाचे कागद असतील त्यांनी ते आणावेत, पिकअपचे, ट्रॅक्टरचे, मळणी यंत्राचे, कसलेही. ज्यांना काम नाकारले असेल त्यांनी तारीख, गाडीचे मॉडेल आणि काय उत्तर मिळाले ते एका कागदावर लिहून सही करून द्यावे. तोंडी सांगितलेले दिल्लीत चालत नाही. आबांचे दोन्ही कागद, १ लाख ४० हजारांचा आणि ५८ हजारांचा, माझ्याजवळ आहेत. मंडपात मांडून ठेवीन. सुनेने काढलेले फोटोही आहेत. कुणाला आपल्या गाडीचे इंजिन उतरवायचे असेल तर ते पाहून घ्यावेत.